खून बरा, खोली खोटी

आमच्या गावात एखादी नवी खुनाची मालिका बघावी की नाही, हे ठरवायचा अधिकार एके काळी माझ्याकडं होता. निदान माझी तशी समजूत होती. जिल्ह्याच्या एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत मी अकरा वर्षं रहस्यपट आणि पोलिसी मालिकांवर सदर लिहीत होतो. सातशे शब्द, आणि वर हनुवटीला हात लावलेला माझा फोटो. कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसानं असल्या विषयावर लिहावं याचं गावाला कौतुक आहे, असं मी धरून चाललो होतो. मग एका दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की लोक माझं सदर वाचतात, घडी घालून ठेवतात आणि पोलीस ठाण्यासमोरच्या शिंप्याला जाऊन विचारतात, "चाचा, बगावं का?"

आणि शिंपी मशीनवरून मान वर न करता निकाल देतो, "खून बरा, खोली खोटी."

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुठं कडवटपणा लागला तर वाचणाऱ्याला तो कुठून आला हे शोधत बसावं लागणार नाही. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, मीही म्हणायचो. त्यांचं खरं नाव इथं लिहीत नाही. आपलं नाव ज्या कागदावर आहे तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय हातावेगळा करायचा नाही, असा त्यांचा नियम होता, आणि हा कागद त्यांना वाचता येणार नाही.

दुकान ठाण्याच्या फाटकाच्या बरोबर समोर. मध्ये रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला वर्षानुवर्षं उभा असलेला एक जप्तीतला टेम्पो. पोलिसांच्या वर्द्या शिवणं, घट्ट झालेल्या सैल करणं, बढती झाली की बाहीवर नवी फीत लावणं हे त्यांचं मुख्य काम. उंची बेताची, दाढी पांढरी, चष्म्याची एक काडी काळ्या दोऱ्यानं बांधलेली. मशीनच्या फळीवर खडूच्या डबीला टेकवून मोबाइल उभा केलेला असायचा आणि त्यावर कुठल्या तरी दूरदेशीची, हिंदीत बोलणारी मालिका चालू असायची. पाय चालत असेपर्यंत ते नुसतं ऐकायचे. मुडदा सापडला की पाय थांबायचा. चष्मा वर सरकायचा. बोटानं चित्र थांबवून ते ती खोली बघत बसायचे, पाच मिनिटं, कधी दहा. समोर गिऱ्हाईक असलं तर त्यालाही बघायला लावायचे.

"काय दिसतंय?"

"मुडदा, चाचा."

"त्यो तर सगळ्यालाच दिसतो. बाकीचं सांग."

मालिकेचं नाव त्यांना कधी सांगता आलं नाही. नटनट्यांची तर नाहीच नाही. खोलीवरून ते मालिका ओळखायचे. 'ती निळ्या पडद्याची', 'ती जिन्याखालच्या कपाटाची', 'ती दोन आरशांची'. मी सदरात दिग्दर्शकाची आधीची कामं, छायाप्रकाश, नैतिक गुंतागुंत असं सगळं साग्रसंगीत मांडायचो, आणि सोमवारी चहाच्या टपरीवर कानावर यायचं, "चाचाची ती उंबऱ्याची बगितली का?" उंबऱ्याची! मी साडेतीन तारे दिलेल्या त्या मालिकेत उंबरा होता हे मला ठाऊकच नव्हतं. घरी जाऊन तो भाग पुन्हा लावला. उंबरा होता. लाकडी, चांगला वीतभर उंच. प्रेत त्याच्यावरून ओढत नेलं असं इन्स्पेक्टर सांगत होता आणि उंबऱ्यावर एक ओरखडा नव्हता. चार मिनिटं मी तो उंबरा बघत बसलो आणि मग टीव्ही बंद केला.

टीव्हीवरच्या पोलिसांचा त्यांना विशेष राग. एक तर वर्दीची फिटिंग. "एवढी आवळलेली वर्दी घालून पळणार कसा? खुर्चीत बसला तरी उसवंल." आणि दुसरं, पंच. इन्स्पेक्टर एकटाच खोलीत शिरला, रुमालानं पिस्तूल उचललं आणि खिशात घातलं की चाचा कात्री खाली ठेवायचे. "पंच कुठंयत? आं? ह्येला तपास म्हणायचं? ही चोरी हाय."

हे पंचाचं प्रकरण सांगायला हवं. गुन्हा घडला की पोलीस जागेचा पंचनामा करतात. तिथं काय होतं, कुठं होतं, कसं होतं, हे दोन बाहेरच्या माणसांनी डोळ्यांनी बघायचं आणि लिहिलेल्या कागदावर सही करायची. ते पंच. ठाण्यासमोर दुकान, दिवसभर जागेवर सापडणारा आणि नीट सही करणारा माणूस, म्हणजे पोलिसांच्या दृष्टीनं तयार पंच. महामार्गावर उलटलेल्या ट्रकपासून विहिरीवरच्या मोटारीच्या चोरीपर्यंत शेकडो पंचनाम्यांवर त्यांची सही होती. पण मी त्यांना ओळखायला लागलो तोवर पोलीस त्यांना शक्यतो टाळू लागले होते. दुसरं कुणीच मिळालं नाही तरच रस्त्यापलीकडून हाक यायची. कारण चाचा जागेवर गेल्याशिवाय सही करायचे नाहीत, आणि गेले की तासाभराचं काम दुपारपर्यंत चालायचं. एक हवालदार मला म्हणाला होता, "सर, चाचाला पंच घेणं म्हणजे मुडद्याचंबी माप घेतल्यावानी हाय."

त्यांची आणखी एक तऱ्हा होती, आणि तिच्यामुळं तर माझ्यातल्या समीक्षकाचा जीव खालीवर व्हायचा. ते शेवट बघायचे नाहीत. खुनी खुर्चीत बसून कबुली द्यायला लागला की ते मालिका बंद करून पुढची लावायचे. दहा तासांची मालिका, शेवटची दहा मिनिटं राहिलेली, आणि हा माणूस काज करायला घेतो.

"चाचा, अहो खुनी कोण ते तरी बघा!"

"बोलतोय की त्यो. कबूल करतोय."

"मग?"

"ठाण्यात कबूल केलेलं कोर्टात चालत न्हाय, सर. मग आपली धा मिनटं फुकट कशाला घालवायची?"

रहस्यकथेच्या शेवटावर मी दोन निबंध लिहिले आहेत. एकातही हे वाक्य नाही.

माझी बायको प्राथमिक शाळेत शिकवते. माझं सदर छापायला जाण्याआधी ती ते शुद्धलेखनासाठी वाचते. मजकुराबद्दल बोलत नाही. मी ते संसारातलं सौजन्य समजत होतो. त्या वर्षी माझ्या पॅन्टची शिवण चार वेळा उसवली आणि चारही वेळा ती स्वतः, न कुरकुरता, चाचांकडं टाकायला गेली. परत आली की चेहऱ्यावर तेज.

"अहो, ती तुमची साडेतीन ताऱ्यांची नवी मालिका बंद करा."

"का?"

"चाचा म्हणाले, त्या घरात कुणी राहतच नव्हतं."

"म्हणजे काय?"

"गॅसजवळ लायटर नाही, काडेपेटी नाही. आणि चहा तीनदा झालाय."

मी म्हणालो की तो रिकामेपणा सूचक आहे. त्या नवराबायकोच्या नात्यातली ऊब संपली आहे हे दिग्दर्शकाला दाखवायचं आहे. ती हसली असती तर मला बरं वाटलं असतं. ती नुसती "असेल" म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. बावीस वर्षांच्या संसारात माझ्या एकाही मतानं तिच्या चेहऱ्यावर असं तेज आलेलं मला आठवत नाही.

वाचनालयाच्या वार्षिक व्याख्यानाला मला बोलावलं तेव्हा आता हिशेब चुकता होईल असं वाटलं. विषय मीच दिला होता, 'रहस्यकथेतील मौन'. अध्यक्ष म्हणून बाजार समितीतले एक पुढारी होते. त्यांनी मौनाचा विषय आहे हे ऐकून वीस मिनिटं भाषण केलं. मग शाल, श्रीफळ, आणि मी. चाळीस मिनिटं बोललो. एका परदेशी चित्रपटाचा आधार घेतला होता, त्यातल्या बंगल्याची, बंगल्यातल्या शांततेची, प्रेताभोवतीच्या न बोललेल्या शब्दांची फोड केली. टाळ्याही पडल्या. आयोजकांनी रीतीप्रमाणं प्रश्न विचारा म्हटलं आणि शेवटच्या बाकावरून चाचा उठले. टेप गळ्यातच होती.

"सर, लई ग्वाड बोललात. एकच इचारतो. ज्या खोलीत मुडदा सापडला तिथं पंखा चालू हुता का बंद?"

मला आठवेना. मी तो चित्रपट पाच वेळा पाहिला होता.

"त्यानं काय फरक पडतो, चाचा?"

"न्हाय, तुमी शांतता म्हणालात म्हणून इचारलं. मे म्हैना हाय म्हणालात. पंखा बंद असंल तर कुणी बंद केला? मेल्यालं माणूस तर उठत न्हाय."

सभागृहात एकदम जीव आला. कुणी म्हणालं लाइट गेली असेल. कुणी म्हणालं त्या देशात लाइट जात नाही. अध्यक्ष म्हणाले त्यांच्या बंगल्यात इन्व्हर्टर आहे. आभारप्रदर्शन कुणी ऐकलं नाही. लोक पंख्यावर वाद घालत पायऱ्या उतरले आणि मी शाल खांद्यावर घेऊन स्टेजवर उभा. चाचा जवळ आले, शालीचं टोक दोन बोटांत धरून बघितलं आणि आपुलकीनं म्हणाले, "काठ सुटलाय. टाकून जा दुकानात, मारून देतो."

त्यानंतर मी जे केलं त्याचा मला अभिमान नाही. पण लिहिताना फार मजा आली होती. 'कडीवाले समीक्षक' असं त्या रविवारच्या सदराचं नाव होतं. कारण चाचांचा सर्वांत लाडका आक्षेप तोच, "कडी दाखवली न्हाय." बंद खोलीत प्रेत सापडलं की त्यांना आधी दाराची कडी बघायची असायची, ती पडद्यावर दिसली नाही तर उरलेली मालिका त्यांच्या लेखी संपलेली. मी लिहिलं, की आपल्याकडं एक नवा संप्रदाय निघाला आहे. त्याला माणसाच्या मनाशी देणंघेणं नाही. खुनामागचं दुःख, वासना, सूड सगळं व्यर्थ. फक्त लोहारकाम चोख हवं. अशा समीक्षकांनी मालिका बघण्याऐवजी हार्डवेअरचं दुकान बघावं. नाव कुणाचंच नव्हतं. गावाला पाचव्या ओळीत कळलं. एका निवृत्त मास्तरांचा फोन आला, "झकास हाणलंत." दुसरा फोन आलाच नाही. बायकोनं शुद्धलेखन तपासलं होतं, तेव्हा एका शब्दाचा ऱ्हस्व-दीर्घ सुधारून कागद माझ्याकडं सरकवला आणि म्हणाली, "छापू नका." मी छापलं.

पुढच्या आठवड्यात शर्टाचं माप द्यायला गेलो. जायचं टाळलं असतं तर घाबरलो असं झालं असतं. फळीवर माझंच सदर पसरलेलं होतं आणि चाचा त्यावर खडूनं कॉलरचा आकार काढत होते.

"वाचलं, सर. दोनदा वाचलं. माझ्यावरच हाय न्हवं?"

"छे, छे. तसं कुणा एकावर नाही ते."

"असंना का. लई हसलो. पर एक ऱ्हायलं बगा. कडी आतल्या अंगाची का भायल्या, त्ये तुमी कुठंच लिवलं न्हाय."

"चाचा, विनोदी लेख होता तो."

"व्हय की," ते म्हणाले आणि माझ्या फोटोच्या हनुवटीखालून कात्री घातली. "मान सोळा का साडेसोळा?"

त्यानंतर महिन्याभराची गोष्ट. आमच्या कॉलेजला लागून एक हायस्कूल आहे. तिथं मोठ्या थाटात संगणक कक्ष झाला होता, फीत कापून, बँडबाजा लावून. आणि उद्घाटनानंतर तो कुलूपबंदच होता. एका सकाळी उघडून बघतात तर सहा संगणक गायब. बाहेर कुलूप जसंच्या तसं. किल्ली वॉचमन भानुदासकडं असायची. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं, "सर, पंच म्हणून तुमच्याइतका या विषयातला माणूस कोण आहे?" खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. इतकी वर्षं मी ज्या खोलीबद्दल लिहीत होतो त्या खोलीत मला रीतसर आमंत्रण होतं.

दुसरे पंच ऐनवेळी मिळेनात म्हणून चाचांना निरोप गेला होता. ते सायकलवरून यायचे होते. तोवर हवालदारानं व्हरांड्यातल्या टेबलावर तीन पानं लिहून काढली. मी टेबलाशी उभा राहूनच उघड्या दारातून आत नजर टाकली. रिकामी टेबलं, लोंबणाऱ्या वायरी. माझ्या मनात पुढच्या सदराचं पहिलं वाक्य तयार होत होतं, फार चांगलं वाक्य होतं. हवालदारानं वाचून दाखवलं, "दरवाजाचे कुलूप शाबूत असून कोठेही तोडफोड दिसून येत नाही." मी माझं शाईचं पेन काढलं आणि झोकात सही केली. पायरीवर भानुदास दोन्ही हात गुडघ्यांत घालून बसला होता. पन्नाशीचा माणूस. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. म्हणजे सगळे त्याच्याचकडं न बघण्याचं काम करत होते.

चाचा आले. सायकल भिंतीला लावली, घाम पुसला, तिन्ही पानं वाचली. मग माझ्याकडं वळले.

"सर, बगितलं का?"

"बघितलं."

"कुठून?"

"इथून."

ते माझ्या चपलांकडं बघत होते. खोलीभर वर्षाची धूळ होती आणि माझ्या चपला स्वच्छ होत्या.

"चला," ते म्हणाले.

मला त्यांनी दाराशी नेलं. हात लावू दिला नाही. "वाका. नीट वाका." दाराच्या कडीचे स्क्रू रंगाखाली बुजलेले होते. चौकटीवरच्या कोयंड्याचे चार स्क्रू मात्र तसे नव्हते. चारींच्या खाचांतला रंग उडाला होता आणि पितळ चमकत होतं. एक तर अर्धाच आवळलेला, डोकं वर आलेलं. कुलूप कुणी उघडलंच नव्हतं. कोयंडाच काढून, काम झाल्यावर परत बसवला होता. हे बघायला तीन फुटांवर यावं लागत होतं, इतकंच. मी सात फुटांवर होतो.

"ह्ये लिवा," चाचा हवालदाराला म्हणाले.

"चाचा, तीन पानं झालीत. सरांची सही बी झालीय."

"परत लिवा."

"एवढ्या एका कोयंड्यापायी?"

"किल्ली कुणापाशी हुती?"

पायरीवर भानुदासनं मान वर केली. हवालदारानं उसासा सोडून नवा कागद घेतला, पहिले तीन फाडून खिशात घातले. चाचा प्रत्येक ओळीला त्याच्या शेजारी उभे राहिले. शेवटी मी पुन्हा सही केली. आधीची सही यापेक्षा मोठी होती.

परतताना ते सायकल हातात धरून चालत होते, मी बरोबर. मला अपमान झोंबत होता आणि तो काही तरी बोलून बाहेर काढल्याशिवाय राहवेना. मी म्हणालो, "चाचा, हा कडीकोयंड्याचा नाद तुम्हाला लागला कुठून?"

रस्त्यातला खड्डा चुकवून त्यांनी सायकल पुढं काढली. मग म्हणाले, "म्या तवा तुमच्याहून ल्हान हुतो. ईदचे कपडे निघालेले, मशीन बंद करायला सवड न्हाय. एका गल्लीत एक बाई मेली. हवालदार कागद घेऊन दुकानात आला, म्हणाला चाचा, ठोका सही. लिवल्यालं हुतं, कडी आतून लावल्याली, दार मोडून आत गेलो. म्या बसल्या जागी सही केली. उजवा पाय पायडलवरच हुता."

"मग?"

"चार-पाच सालानं कोर्टात बोलावणं. वकील म्हणाला, कडी आतून हुती का? व्हय म्हणालो. तुमी डोळ्यानं बगितली? व्हय म्हणालो. काय म्हणणार, कागदात हुतं. सुटला तिचा नवरा. भायेर आलो तर बाईचा बाप उभा. म्हातारं माणूस. मला वाटलं आता श्या देतंय. माझा हात धरला त्यानं. म्हणाला, बाबा, तू बगितलीस न्हवं? मग पोरीनंच केलं म्हणायचं. मग आता म्या कुणाला काय म्हणत न्हाय. आन गेला."

जप्तीतला टेम्पो दिसायला लागला होता. मी विचारलं, "मग कडी आतून होती का बाहेरून?"

"त्येच तर म्या बगितलं न्हाय, सर."

त्यांनी सायकल स्टँडला लावली, मशीनवर बसले, खडूच्या डबीला मोबाइल टेकवला.

भानुदासवर खटला झालाच. चोर मिळाला नाही, आणि किल्ली त्याच्याकडं होती. नोकरी गेली, तो महामार्गावरच्या एका धाब्यावर भांडी घासायला लागला. खटला उभा राहायला चार वर्षं लागली. मधल्या एका हिवाळ्यात चाचा गेले, सोलापूरच्या दवाखान्यात. समन्स दोघांनाही निघालं. त्यांचं 'मयत' असा शेरा पडून परत गेलं आणि माझं मला मिळालं.

कोर्टात बऱ्यापैकी गर्दी होती. मुख्याध्यापक होते, आणि मी ज्या दैनिकात लिहीत होतो त्याचा तालुक्याचा वार्ताहर वही उघडून बसला होता. भानुदासच्या वकिलानं विचारलं, कोयंड्याचे स्क्रू कसे होते? मी सांगितलं. चार, खाचांतला रंग उडालेला, एक अर्धा बाहेर. मी खडा न खडा सांगितलं आणि वकील खूश होऊन बसला. मग सरकारी वकील उठले.

"हे तुम्ही स्वतः पाहिलंत, की त्या दुसऱ्या पंचांनी सांगितलं म्हणून लिहून घेतलंत?"

स्वतः पाहिलं, एवढं म्हणालो असतो तर ते खोटं नव्हतं. दोन शब्दांत सुटलो असतो. वार्ताहर वर बघत होता. जो माणूस उत्तर ऐकायला हवा होता तो नव्हता, आणि तरी मला सारखं वाटत होतं की शेवटच्या बाकावर कुणी तरी गळ्यात टेप घालून बसलंय आणि मला विचारतंय, कुठून?

"पाहिलं," मी म्हणालो. "पण दुसऱ्या खेपेला. पहिल्यांदा मी व्हरांड्यातून, आत न जाता सही केली होती. 'तोडफोड नाही' असं लिहिलेल्या कागदावर. चाचांनी तो कागद बदलायला लावला आणि मला दाराशी नेलं. मग मी वाकून पाहिलं."

न्यायाधीशांनी मला थांबवून हे सगळं सावकाश पुन्हा सांगायला लावलं आणि टंकलेखकाकडून लिहून घेतलं. सांगताना दुसऱ्यांदा जास्त लाज वाटली.

वार्ताहरानं त्याचं काम चोख केलं. माझ्याच दैनिकात, तिसऱ्या पानावर बातमी: 'रहस्यपट समीक्षकाची न पाहताच सही'. फोटो तोच, हनुवटीला हात लावलेला. दोन महिन्यांत सदर बंद झालं. संपादक म्हणाले जागेची अडचण आहे. तोवर भानुदास सुटला होता. निकालाच्या दिवशी मी गेलो नव्हतो. मला तो तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कळला, भानुदास स्वतः दारात आला तेव्हा. हातात पेढ्यांचा पुडा होता. मी हात पुढं केला.

"सर, ह्ये चाचाचे," तो म्हणाला. "दुकान बंद हाय त्येंचं. म्हणून म्हणलं तुमच्याकडं द्यावं."

पुडा माझ्या हातात देऊन तो गेलासुद्धा. सदर गेलं माझं, फोटो आला माझा, वाकून उभा राहिलो मी, आणि पेढे चाचांचे. मी दार लावलं. कडी लावताना बघितलं. डाव्या अंगाला आहे, खालचा स्क्रू ढिला आहे. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं. मग उभ्या उभ्या एक पेढा खाल्ला. चांगला होता.

आतून बायकोनं विचारलं, "कुणी आणले हो पेढे?"

"चाचांनी," मी म्हणालो.